ग्रामप्रिया की गावरान

कुसुम, आज सकाळी तुझा फोन आरवला.

वाजला म्हणत नाही मी, आरवला. तुझी ती कोंबड्याची रिंगटोन अजून तशीच आहे, कारण फोनचा पासवर्ड कोणाला माहीत नाही आणि तो बंद करून ठेवायची हिंमत घरात कोणाला होत नाही. तेरवीच्या पंगतीत दोनदा आरवला. उमरेडहून आलेले एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "घरी कोंबडे पाळले वाटते." तुझ्या भावाने मान खाली घालून वरणाची वाटी जवळ ओढली. तुला जाऊन अठरा दिवस झाले, आणि तू अजून मला चार लोकांत तोंड लपवायला लावतेस.

फोन कन्हानच्या पिल्लंवाल्याचा होता. "कुसुमताई, पिल्लं आली. आज दुपारपर्यंत घेऊन जा. एका दिवसाची आहेत, थांबत नाही ते."

"ती नाही आहे," मी म्हटलं.

"बाहेर गेल्या का? कधी येतीन?"

आता याला काय सांगायचं? "मीच येते," म्हटलं आणि ठेवला. पिल्लं बारा, एवढं माहीत होतं. कोणत्या जातीची सांगून ठेवलीस ते माहीत नव्हतं. आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरच तर झालं, आणि ते तू अर्ध्यात टाकून गेलीस. ग्रामप्रिया सांगितली असशील तर माझं ऐकलंस, म्हणजे मनात काही ठेवलं नाहीस. गावरान सांगितली असशील तर माझं तोंडही न पाहता आपलंच खरं करून गेलीस. एवढंच मला समजून घ्यायचं होतं. कन्हानला जाईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

लोकांच्या नणंदा दिवाळीला येतात, ओवाळतात, साडी घेतात आणि चार दिवसांनी जातात. माझी नणंद माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एक पेटी घेऊन आली ती राहिलीच. तेव्हा तू चोवीस वर्षांची, कपाळ रिकामं. सासरच्यांनी आणून सोडलं आणि चहासुद्धा न घेता गेले. मीही तेव्हा पंचविशीतच होते, पोटात पल्लवी होती, शाळेच्या ऑफिसात नवीन नोकरी होती, आणि खरं सांगते, मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की आता पोराला बघायला घरात कोणीतरी आहे. तू दुःखात, आणि मला सोय दिसत होती. हे मी तुला कधी बोलले नाही. तुला ते पहिल्याच दिवशी समजलं असणार.

पुढे एकतीस वर्षं तू मला वैनी म्हणालीस आणि एकतीस वर्षं माझं एकही म्हणणं ऐकलं नाहीस. भाजीत गूळ किती, गच्चीवर पापड कधी टाकायचे, पोरांना मुंजाच्या पिंपळाखाली जाऊ द्यायचं की नाही. कशातच नाही. तुझा भाऊ या सगळ्यात पेपर समोर धरून बसायचा. "मले यात नका ओढू," हे त्याचं एक वाक्य. जन्मभर त्याला कोणी ओढलंच नाही, म्हणून तो इतका गोरापान राहिला आहे.

पण कोंबड्या यायच्या आधीची भांडणं म्हणजे काहीच नव्हती.

आठवतं ना, सीताबर्डीला गेली होतीस साडीचा फॉल आणायला. फॉल राहिला बाजूला, पिशवीत बारा पिल्लं घेऊन आलीस. गुलाबी, हिरवी, जांभळी. होळी खेळून आल्यासारखी. मेट्रोत पिशवी चिवचिव करत होती तर शेजारच्या बाईला सांगितलंस म्हणे, मोबाईल आहे. घरी येऊन त्यांना मागाच्या खड्ड्यात सोडलंस. मामाजी, म्हणजे तुझे बाबा, ज्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर लुगडी विणत बसले, तो खड्डा. माग केव्हाच विकला, खोलीत नुसता खड्डा उरला होता आणि मी तो बुजवून घ्यायचा म्हणून गवंड्याला बोलावून ठेवलं होतं. "वैनी, काहून बुजवतं? हवा लागत नाही इथं पिल्लांले. बाबाची गरमी आहे याच्यात अजून," म्हणालीस. गवंडी चहा पिऊन परत गेला.

चार पिल्लं पहिल्या आठवड्यात गेली. उरलेल्या आठांचा रंग उतरला, पांढरी झाली, तुरे आले, आणि एक दिवस पहाटे आठही जण एका सुरात आरवले. आठच्या आठ कोंबडे. मग कोणीतरी समजावून सांगितलं, की अंडी देणाऱ्या जातीचे नर कोणाला नको असतात, तेच रंगवून रस्त्यावर विकतात. बारा पिल्लांत एक मादी नव्हती. मी तुला म्हटलं, "विकत घ्यायच्या आधी विचारायचं तरी." तर म्हणालीस, "पोरगा का पोरगी हे विचारणं गुन्हा आहे, वैनी." आणि स्वतःच इतकी हसलीस की ठसका लागला. शेजारचे रोज फाटकाशी यायचे. शेवटी ते आठ कोंबडे कोणाकोणाकडे गेले, त्याची चौकशी तू केली नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की आता हे काम मी हातात घेणार. मी मुदतीआधीच रिटायर झाले होते, वेळ होता. एका जुन्या हजेरीच्या रजिस्टरमध्ये रेघा मारल्या. जातीचं नाव, अंडी किती, वजन किती, रंग, स्वभाव. ज्याच्या-त्याच्याकडून विचारून रकाने भरले. तू भाजी निवडत बघत होतीस. "वैनी, सून पाहून राहिली का?" असं म्हणालीस. म्हटलं, सून पाहताना एवढं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रजिस्टरातून गिरिराज निघाली. मोठी, रुबाबदार, अंडीही बरी, वजनही बरं. मी दहा आणल्या. एप्रिलपर्यंत सगळं ठीक होतं. मे महिन्यात आपल्या गावाचं ऊन कसं असतं हे रजिस्टरात मी लिहिलंच नव्हतं. एवढ्या जड कोंबड्या, पंख पसरून, चोची उघड्या टाकून बसल्या. आणि मग तू ते केलंस जे आपल्या नागपुरातच कोणी करू शकतं. बैठकीतला कुलर उचलून सांदवाडीत नेलास आणि खुराड्याकडे तोंड करून लावलास. तुझा भाऊ घामाने निथळत पेपर वाचतो आहे आणि मागच्या अंगणात वाळ्याच्या ताट्यांची गार हवा खात दहा कोंबड्या बसल्या आहेत. तीन दिवस तू विजयी चेहऱ्याने फिरलीस. चौथ्या दिवशी खाली पसरलेला धानाचा भुसा ओला होऊन आंबला, त्यांना रक्ताची हगवण लागली, आणि आठवड्याभरात सात गेल्या. उरलेल्या तीन मी देऊन टाकल्या.

तू म्हणालीस, जात चुकली. मी म्हटलं, कुलर चुकला. "इतकी जाडी जात आणायची काहून?" "कोंबड्यांले कुलर लावायचा काहून?" हे दोन वर्षं चाललं. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशाला, ऑटोत, बँकेच्या लाइनीत. आता तू नाहीस तर मला सहज म्हणता येईल की कुलरच चुकला होता, उलट उत्तर देणारं कोणी नाही. काल एकटी असताना म्हणून पाहिलं. काही मजा आली नाही. आणि खरं सांगू, जातही चुकलीच होती.

मग तुझी ती राखडी. मौद्याच्या तुझ्या मैत्रिणीने दिलेली गावरान कोंबडी, राखेच्या रंगाची, एवढीशी, कोणालाही टोचायला धावणारी. ती तुझ्यावर गेली होती. उन्हाचं तिला काही नव्हतं, कुंदाच्या झाडाखाली माती उकरून आरामात पडायची. दहा-बारा अंडी दिली आणि खुडूक बसली. बसली म्हणजे बसलीच. दाणे खायला दिवसातून एकदा उठायची, अंगाला हात लावला की फुगायची. मला राग आला. खुराड्यात कोंबडा नाही, अंड्यातून निघणार काय, आणि ही बाई पंख पसरून तपश्चर्या करते आहे. माझ्या आईकडे खुडूक मोडायची एकच रीत होती. कोंबडीला गार पाण्यात बुडवायचं, दोन-चार दिवस लागोपाठ, पोट थंड झालं की ती बसायचं विसरते. मी निळी बादली भरली.

तू बादली धरून उभी राहिलीस. "वैनी, नको करू असं. मी मौद्याहून अंडे आणतो, हिच्याखाली ठेवू. कोणाचे का असेना, ते बसते. तिले बसू दे."

मी ऐकलं नाही. तीन दिवस राखडीला बुडवलं. चौथ्या दिवशी ती उठून हिंडायला लागली, आणि मी तुला दाखवलं, पाहा, आहे की नाही शहाणी झाली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि कपडे वाळत टाकायला गेलीस. पुढे एक दिवस मुंगसाने राखडीला नेलं. खुराडं रिकामं झालं. तू खुराड्याचं दार बंद केलं नाहीस, महिनाभर ते तसंच उघडं होतं.

आता येते त्या संध्याकाळवर. यायचं नव्हतं, पण तिथे आल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

थंडी उतरत आली होती. आपण मागच्या पायरीवर हरभरे सोलत बसलो होतो. उन्हाळ्याच्या आधी बारा पिल्लं आणायची, एवढ्यावर आपलं एकमत झालं होतं, जे फार कमी वेळा व्हायचं. मी रजिस्टर उघडून सांगितलं, ग्रामप्रिया. हलकी, उन्हात टिकते, वर्षाला दोनशेच्या घरात अंडी, रंग तांबूस, गावरान म्हणून खपतीलसुद्धा.

तू म्हणालीस, "मले गावरानच पाह्यजे. मले पिल्लं निघताना पाह्यची आहे. ग्रामप्रिया बसत नाही वं वैनी. अंडं टाकते अन् चालली. तुझ्यासारखी, ऑफिसले."

हसत म्हणालीस. मला माहीत आहे हसत म्हणालीस. पण ते मला कुठे लागलं ते तुला कसं सांगू. मी सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचे तेव्हा पल्लवीच्या पाठचा अमोल तुझ्या कडेवरून मला हात हलवायचा, रडायचासुद्धा नाही. पल्लवीला टायफॉइड झाला तेव्हा तापात ती आत्या, आत्या म्हणत होती आणि मी कपाळावर पट्टी धरून बाजूला बसले होते. शाळेत पालकसभेला तू जायचीस, आणि बाई तुला पल्लवीची आई म्हणायच्या, आणि तू घरी येऊन मला हसत सांगायचीस. मी पण हसायचे. एवढी वर्षं हसले, त्या दिवशी नाही जमलं.

मी म्हटलं, "अन् गावरान? दहा अंडे देते अन् महिनाभर फुकट बसून खाते. तशी एक आहे घरात, तेवढी बस झाली."

तुझ्या हातात हरभऱ्याचा घाटा होता. तो तू सोललास, दाणे भांड्यात टाकलेस. मग "हाव" म्हणालीस. नुसतं हाव, बरं म्हटल्यासारखं. भांडं उचलून आत गेलीस.

भांडली असतीस तर काय बिघडलं असतं गं? एकतीस वर्षं जिने मिठाच्या खड्यावरून माझ्याशी वाद घातला, ती नेमकी त्या दिवशी गप्प बसली. मला राग आला तो आधी माझा नाही, तुझाच आला. म्हटलं, बसू दे रुसून.

दोन दिवस अबोला. मधे तुझा भाऊ. "भाऊ, वैनीले सांग, डाळ संपली." "अहो, तिला सांगा, डब्यात आहे." तो बिचारा दोन हातांच्या अंतरावरचे निरोप इकडचे तिकडे करत होता, आणि पहिल्यांदा त्याला या घरात कोणीतरी ओढलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं की आज बोलायचं. तुझ्या चहात आलं टाकलं, मला आल्याचा वास आवडत नाही तरी. कप घेऊन तुझ्या खोलीत आले. तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. मी म्हटलं, "उठ, नाटकं पुरे." कप स्टुलावर ठेवला. दोनदा हाक मारली. मग हात लावला.

डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. ते तुझ्याबद्दल बोलत होते. एक चहा थांबली असतीस तर काय झालं असतं? तेवढं बोलायला मला एका कपाचा वेळ लागला असता. पण नाही, माझं ऐकायचंच नाही हे ठरलेलं.

तेरवीनंतर पल्लवी परत जाताना फाटकात म्हणाली, "आई, आत्या तुझ्याशी शेवटचं काय बोलली?" मी म्हटलं, "डाळ संपली म्हणाली." पोरगी त्यावरही रडली. मला तिच्याकडे बघवेना.

तर आज कन्हानला गेले. तुझा भाऊ येतो म्हणाला, मीच नको म्हटलं. बस पकडली. पिल्लंवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, समोर खाद्याची पोती, आत बल्ब लावलेले खोके. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हीच का वैनी? लय ऐकलं तुमच्याबद्दल." काय ऐकलं ते विचारलं नाही. तोंडावरून चांगलं ऐकलेलं दिसत नव्हतं.

"कोणती जात लिहिली आहे तिने?" मी विचारलं.

त्याने वही काढली, बोट फिरवत खाली आला आणि माझ्याकडे वळवली. कुसुमताई, बारा. आणि जातीच्या रकान्यात त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात, वैनी सांगतील.

"हे कधी लिहिलं?"

त्याने तारीख सांगितली. तो अबोल्याचा दुसरा दिवस होता. दुपारी मी झोपले असेन तेव्हा तू फोन केला असशील.

"मी म्हटलं, ताई, कोणती ते तर सांगा," तो म्हणाला. "तर म्हणे, वैनी सांगन ते दे. वाढवाच्या त मलेच आहे."

मी तिथे एका पोत्यावर बसले. कुसुम, मला सांग, हे काय होतं? माफ केलंस की टोमणा मारलास? तुझ्या एका वाक्यात मला दोन्ही दिसतात आणि मी सकाळपासून ते उलटंसुलटं करून पाहते आहे. कन्हानपर्यंत जाऊन मला एक गोष्ट समजून घ्यायची होती, आणि तू तीसुद्धा माझ्याच गळ्यात टाकलीस. पण एक मात्र समजलं. रुसून बसलेली बाई पिल्लं सांगत नाही. तुला इथेच राहायचं होतं. या घरात, त्या खड्ड्याशी, माझ्याशी भांडत, त्या बारांना वाढवत. मी काहीही बोलले तरी. ते समजलं तसं मला रडू आलं, पोत्यावर बसून, अनोळखी माणसासमोर.

त्याने पाण्याचा ग्लास आणला. मग मी त्याला सांगितलं की तू गेलीस. त्याने एका खोक्याचं झाकण उगीच काढून लावलं. मग धंद्याचा माणूस तो, हळूच म्हणाला, "मग कोणती देऊ?"

ग्रामप्रिया म्हटलं तर तू नसताना तुझ्यावर जिंकल्यासारखं. गावरान म्हटलं तर तुझ्या फोटोपुढे नैवेद्य ठेवल्यासारखं, आणि असला नैवेद्य तू हसून फेकून दिला असतास. दोन-तीन वर्षं रजिस्टर घेऊन फिरणारी बाई मी, आणि त्याच्या वहीतला तो एक रकाना मला भरता येईना.

त्यानेच म्हटलं, "दोन्ही घेऊन जा ना. सहा-सहा. ग्रामप्रिया अंडे देईन, गावरान बसन. दोन-चार कोंबडे त्यातच निघतीन. अन् गावरानखाली कोणाचेही अंडे ठेवा. तिले काय, कोणाचे का असेना, ते बसते."

तुझे शब्द. बादलीपाशी उभी राहून मागच्या वर्षी तू हेच म्हणाली होतीस, आणि मी पाणी भरत होते. एवढं सोपं होतं, कुसुम. दोघी लागतात, एवढंच. एक देते, एक बसते. आपल्या घरात एकतीस वर्षं तेच चाललं होतं आणि दोन पोरं त्यावरच मोठी झाली. आणि आपण रकाने भरत बसलो की कोणती जात चांगली. आपण म्हणजे मी. तू काही रकाने भरले नाहीस.

बसमध्ये खोका मांडीवर होता. चिवचिव ऐकून शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मी सांगणार होते की मोबाईल आहे, पण माझ्याने असं खोटं बोलवत नाही. पिल्लं आहेत, म्हटलं. तिने भोकातून बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "कोणती आहे?" म्हटलं, "दोन्ही."

घरी येऊन खड्डा झाडला. खाली कोरडा भुसा टाकला, अगदी कोरडा, दोनदा हाताने चोळून पाहिला. वर पेपर अंथरला. आजचा होता, तुझा भाऊ वाचत होता, मी हातातून काढून घेतला. बल्ब सोडला. गुळाचं पाणी केलं, तू करायचीस तसं बोट बुडवून चव घेऊन. मग एकेकीची चोच पाण्यात टेकवून खाली ठेवली. सहा नुसत्या तांबूस आहेत. सहांच्या पाठीवर पट्टे आहेत, खारीसारखे. त्यातली एक आत्ताच दुसरीला टोचून आली. तिचं नाव मी ठेवणार नाही, कोणाचं ठेवलं असतं ते तुला माहीतच आहे.

बल्बच्या खाली सगळ्या एकावर एक चढल्या तर थंडी वाजते, दूर पळाल्या तर गरम होतं, हे तूच शिकवलं होतंस आणि तेव्हा मी ऐकत नाही असं दाखवत होते. म्हणून बल्ब वर कर, खाली कर, हेच चाललंय दुपारपासून. गुडघे दुखतात म्हणून मामाजी बसायचे तशी काठावर पाय सोडून बसले आहे. खरंच हवा लागत नाही इथे. आणि तू म्हणायचीस ती गरमी असेल-नसेल, पण उठावंसं वाटत नाही.

बोलायचं होतं ते हे, कुसुम. चुकलं माझं. ते वाक्य मी रागात बोलले असं लोकांना सांगता येतं, तुला नाही. तेवढ्या क्षणापुरतं मला ते खरं वाटलं होतं, म्हणून ते तोंडातून निघालं, आणि म्हणूनच चुकलं. तू फुकट बसली नाहीस. माझ्या पोरांवर बसलीस. मी निवांत ऑफिसात जाऊन आले ते तू घरी बसलीस म्हणून. हे तुला जिवंतपणी कळायला हवं होतं आणि मला सांगायला हवं होतं, आणि आपण दोघी मिठावरून भांडत राहिलो.

निळी बादली फुटकी आहे असं सांगून भंगारवाल्याला देऊन टाकते. उन्हाळा काढून, पाऊस काढून पट्ट्यांवाल्यांतली पहिली जी खुडूक बसेल, तिला कोणी हात लावणार नाही. तिच्याखाली तांबूस जातीची अंडी ठेवीन. पल्लवीला त्यावेळी बोलावून घेईन, आणि तेव्हा तिला सांगेन आपलं शेवटचं बोलणं खरोखर काय झालं ते.

पण वाढवायच्या तुलाच होत्या ना? तूच म्हणालीस ना त्या माणसाला? मग काहून गेली वं? मला यातलं काही येत नाही. सातव्या दिवशी डोळ्यात लसीचा थेंब घालायचा असतो म्हणे, मला माझ्या डोळ्यात घालता येत नाही.

आत्ता तुझा भाऊ दारात येऊन गेला. दिवेलागण झाली, म्हणाला, चहा ठेवलाय, आत ये. मी म्हटलं, आणा इथेच. तो कप घेऊन आला. आलं टाकलं होतं त्याने, माझ्यासाठी कोणी आलं टाकत नाही हे त्याला अजून माहीत नाही. मी प्याले.

"केव्हापासून बसून राह्यली," तो म्हणाला. "किती वेळ बसशीन?"

"बसू द्या," मी म्हटलं. "घरात एक तरी बसणारी पाहिजे."